दुसरा कोंबडा

घरापुरत्या किंवा जोडधंद्यापुरत्या कोंबड्या पाळायचं ठरलं, की खरेदीचा हिशेब सहसा एकच असतो : दहा तलंगा आणि एक कोंबडा. कुक्कुटपालनाच्या पुस्तिकांतही साधारण हेच प्रमाण सांगितलेलं असतं आणि ते बरोबरही आहे. एक तरणाबांड कोंबडा दहा माद्यांना पुरतो. खुडूक कोंबडीखाली ठेवलेली अंडी फलित निघतात, एकविसाव्या दिवशी पिलं चिवचिवत बाहेर येतात. दुसरा कोंबडा ठेवावा तर तो फुकटचं धान्य खाणार, पहिल्याशी झुंजणार आणि पहाटे चारला दोघं मिळून सगळी आळी उठवणार. त्यामुळे त्याची रवानगी ठरलेली. पाहुणे आले तर ताटात, नाही आले तर आखाडात, आणि आखाडातूनही वाचलाच तर जत्रेला.

अंड्यांच्या आणि रश्श्याच्या हिशेबात यात काहीच चुकत नाही. पण त्या कोंबड्या एखाद्या जुन्या देशी जातीच्या असतील, थोड्याच उरलेल्या असतील आणि पाळणाऱ्याला ती जात पुढे न्यायची असेल, तर हाच हिशेब त्या जातीच्या मुळावर येतो. मराठीत ‘कोंबड्यांची संख्या’ म्हटलं की त्यात कोंबडे मोजले की कोंबड्या, हे कळत नाही. जाती जपण्याच्या कामात नेमका तिथेच घोटाळा होतो. माद्या शंभर असल्या की सगळ्यांना वाटतं, जात सुखरूप आहे. नर किती, हे कुणी विचारत नाही.

याचं गणित स्यूअल राइट या अमेरिकन आनुवंशशास्त्रज्ञाने १९३१ साली मांडलं. राइट यांनी अमेरिकेच्या कृषी खात्यात असताना गिनिपिगांच्या जवळच्या नात्यातल्या संकराचा वर्षानुवर्षं अभ्यास केला होता. त्यांचं म्हणणं असं, की कळपातली डोकी मोजून काही कळत नाही. त्या कळपाची ‘प्रभावी संख्या’ मोजायला हवी. सूत्र सोपं आहे. नरांच्या संख्येला माद्यांच्या संख्येने गुणायचं, आलेल्या उत्तराला चाराने गुणायचं आणि एकूण संख्येने भागायचं. एक नर आणि दहा माद्या असतील तर चाळीस भागिले अकरा, म्हणजे साडेतीनच्या थोडं वर. खुराड्यात अकरा पक्षी दिसतात, पण वारशाच्या दृष्टीने तिथे जेमतेम साडेतीन पक्षी असतात. माद्या दहाच्या शंभर केल्या तर? चारशे भागिले एकशे एक. उत्तर चारच्याही आतच राहतं. नर एकच असेल, तर माद्या कितीही वाढवा, हा आकडा चारला कधीच पोचत नाही.

कारण उघड आहे. प्रत्येक पिलाचा निम्मा वारसा आईकडून येतो आणि निम्मा बापाकडून. आया शंभर असल्या तरी त्या सगळ्या मिळून अर्ध्याच वाट्याच्या धनी. उरलेला अर्धा वाटा त्या एकट्याच्या नावावर. पुढच्या वर्षी खुराड्यात जी तलंग आणि जो तरणा नर एकत्र येतील, ते एकाच बापाचे असणार. ती दोघं सख्खी नसली तरी सावत्र भावंडं आहेतच.

प्रभावी संख्या किती, यावरून दर पिढीला किती वैविध्य गळणार तेही काढता येतं : एक भागिले प्रभावी संख्येची दुप्पट. एक नर-दहा माद्यांच्या कळपात ही गळती पिढीला जवळजवळ १४ टक्के. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत महाराष्ट्राला नवी नाही. अशा लग्नातून होणाऱ्या मुलाच्या बाबतीत आंतरप्रजननाचा गुणांक सव्वासहा टक्के धरतात, आणि तेवढ्यावरही डॉक्टर दोन शब्द सुनावतात. इथे त्याच्या दुपटीहून अधिक, आणि तेही दर पिढीला. कोंबड्यांची पिढी वर्षाची. पाच वर्षांत मूळ वैविध्यातला निम्म्याहून अधिक भाग गेलेला असतो. आता तेच अकरा पक्षी, पण पाच नर आणि सहा माद्या असे घेतले, तर प्रभावी संख्या अकराच्या जवळ जाते, गळती साडेचार टक्क्यांवर येते आणि पाच पिढ्यांनंतर जवळजवळ ७९ टक्के वैविध्य हाताशी राहतं. खुराडं तेच, दाणा जवळजवळ तेवढाच. अंडी मात्र कमी, हे खरं.

गळतं म्हणजे नेमकं काय गळतं? एकेका जनुकाच्या कळपात अनेक आवृत्त्या असतात. एक आवृत्ती तुरा मोठा करते, दुसरी लहान. एक रोगाशी झुंजायला उपयोगी पडते, दुसरी पडत नाही. पिलाला आईच्या दोन आवृत्त्यांपैकी एक आणि बापाच्या दोनपैकी एक मिळते, आणि कुठली मिळणार हे नशिबावर. कळप लहान असला की एखादी आवृत्ती एखाद्या वर्षी कुठल्याच पिलाच्या वाट्याला येत नाही. ती मग त्या कळपापुरती कायमची जाते. त्या वर्षी कुणाला पत्ताही लागत नाही. पिलं गोंडस, तुरे लालभडक, सगळं ठीक दिसतं.

मानेवर पिसं नसलेली कोंबडी अनेकांनी पाहिली असेल. दिसायला ती बिचारी वाटते, आणि ‘चांगल्या’ पक्ष्यांची निवड करताना पहिला बळी तिचाच जातो. पण ज्या जनुकामुळे मान उघडी पडते, त्यामुळे एकूण अंगावरची पिसंही कमी होतात आणि उन्हाळ्यात शरीरातली उष्णता बाहेर टाकणं सोपं जातं. उष्ण प्रदेशात टिकणाऱ्या कोंबड्या तयार करताना संशोधकांनी हे जनुक आवर्जून वापरलं. बरेलीजवळच्या इज्जतनगर इथल्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेनेही ते वापरलं आहे. दुसरं उदाहरण मारेक रोगाचं. पक्ष्याचे पाय लुळे पाडणारा, अंगात गाठी करणारा हा विषाणूजन्य आजार. कोंबडीच्या रोगप्रतिकाराशी संबंधित जनुकांचा एक गठ्ठा आहे. त्याच्या ‘बी-२१’ या आवृत्तीचे पक्षी या रोगाला सहसा दाद देत नाहीत. कुठल्या खुराड्यातली कुठली कुरूप कोंबडी असं काही बाळगून आहे, हे डोळ्यांना दिसत नाही.

मोठ्या उद्योगात हे गळणं केव्हाच होऊन गेलेलं आहे. पर्ड्यू विद्यापीठाचे विल्यम म्यूर आणि त्यांच्या अनेक देशांतल्या सहकाऱ्यांनी २००८ साली जगभरच्या कोंबड्यांचे जनुकीय नमुने तपासले. व्यापारी ब्रॉयलर आणि अंड्यांच्या कोंबड्यांच्या शुद्ध वंशांत, मूळ जातींत असलेल्या वैविध्यापैकी निम्मं किंवा त्याहूनही अधिक वैविध्य उरलेलं नाही, असं त्यांना दिसलं. ज्या पक्ष्यांतून हे वंश उभे राहिले त्यांत आपल्या असीलचाही वाटा आहे : इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये असीलच्या संकरातून ‘इंडियन गेम’ म्हणजेच कॉर्निश ही जात झाली आणि कॉर्निशवरून पुढे आजचा ब्रॉयलर. म्हणजे हरवलेलं काही परत मिळवायचं झालं, तर जायचं कुठे? परसातल्या जुन्या जातींकडेच. तिथे तरी ते शाबूत हवं.

जवळच्या नात्यातल्या संकराचा फटका पहिल्यांदा अंड्यांत दिसतो. अंडं फलित असतं, पिलू आत वाढतंही, पण टरफल फोडून बाहेर येत नाही. पाळणारा उबवणीच्या यंत्राला दोष देतो, लोडशेडिंगला देतो, खुडूक कोंबडी उठून गेली म्हणतो. यातलं काहीही खरं असू शकतं. पण दर वर्षी टोपलीतली न फुटलेली अंडी वाढतच असतील, तर संशय खुराड्यातल्या नात्यागोत्यावर घ्यायला हवा.

याचा सगळ्यांत लख्ख पुरावा कोंबडीच्या एका रानटी भाऊबंदाने दिला. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात गवताळ मैदानांवर ‘प्रेरी चिकन’ नावाचा पक्षी पूर्वी लाखोंनी होता. मैदानं नांगरली गेली, पक्षी कमी होत गेले आणि १९९३ पर्यंत राज्यात पन्नासही उरले नाहीत. जुन्या काळी त्यांची ९३ टक्के अंडी फुटत. आता निम्मीही फुटेनात. संशोधकांनी संग्रहालयात जपलेल्या जुन्या पक्ष्यांतून जनुकीय नमुने काढून ताडून पाहिले. तपासलेल्या जागी पूर्वी जनुकाच्या सरासरी ५.२ आवृत्त्या सापडत, त्या ३.७ वर आल्या होत्या. मग १९९२ ते १९९६ या काळात मिनेसोटा, कॅन्सस आणि नेब्रास्का या राज्यांतून २७१ पक्षी आणून इथे सोडले. पाचेक वर्षांत अंडी फुटण्याचं प्रमाण पुन्हा नव्वदीच्या वर गेलं. जमीन तीच होती, हवा तीच होती. आलं होतं ते फक्त नवं रक्त.

पण नवं रक्त बाहेर कुठेतरी असायला लागतं. इलिनॉयच्या पक्ष्याला दुसरी राज्यं होती. कोंबडीची एखादी जात एकाच तालुक्यात उरली असेल तर काय करायचं?

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरचं नाव देशाला माहीत झालं ते फेब्रुवारी २००६ मध्ये. भारतात बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक तिथल्या कुक्कुटफार्मांवर जाहीर झाला. रोग आवरण्यासाठी लाखोंच्या संख्येने पक्षी मारावे लागले आणि पथकं घरोघर फिरून परसातल्या कोंबड्याही घेऊन गेली. बातम्यांत ब्रॉयलरचा आणि अंड्यांचा बाजार कसा कोसळला ते आलं. नवापूर आणि पलीकडच्या गुजरातचा हाच पट्टा ‘बसरा’ या देशी कोंबडीचं घर आहे, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही.

बसरा ही कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोच्या यादीत नोंदलेली जात. त्या यादीत देशातल्या कोंबड्यांच्या वीसेक जाती आहेत. त्यांतली महाराष्ट्राचं नाव जिच्यापुढे लिहिलेलं आहे, ती ही. भिल्ल, मावची, कोकणा, गामीत अशा आदिवासी घरांच्या अंगणात ती वाढते. अंगाने लहान, नर जेमतेम किलोभराचा. वर्षाला अंडी ४० ते ५५. व्यापारी लेयर कोंबडी तीनशेच्या घरात अंडी देते, तिच्यापुढे हा आकडा हसण्यावारी नेण्यासारखा. पण बसरा स्वतःचं खाणं स्वतः शोधते, घार दिसली की पिलांना पंखाखाली घेते आणि औषधपाण्याचा खर्च मागत नाही. तिच्या पट्ट्यातच रोग आला आणि सरकारी नियमाप्रमाणे सरसकट पक्षी मारावे लागले, तर ती जात दुसरीकडून आणणार कुठून, हा प्रश्न नवापूरने उभा केला. मारणाऱ्यांना दोष देता येत नाही; तसं केलं नसतं तर रोग पसरला असता. दोष एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवण्याचा.

पंधरा वर्षांनी, जानेवारी २०२१ मध्ये, तेच झाबुआत घडलं. मध्य प्रदेशातल्या त्या जिल्ह्यात एका कडकनाथ फार्मवर बर्ड फ्लू सापडला आणि तिथले पक्षी मारले गेले. महेंद्रसिंह धोनीच्या रांचीच्या फार्मसाठी तिथून दोन हजार पिलं जायची होती, त्यामुळे ही बातमी निदान वाचली तरी गेली.

कडकनाथची गोष्ट बसराच्या अगदी उलट. बसराला कुणी विचारत नाही. कडकनाथला इतके विचारतात, की तेच तिच्यावरचं संकट होऊन बसलं आहे. काळं मांस, काळी हाडं, काळा तुरा. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि मागणीला उधाण आलं. पुढच्याच वर्षी सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ पालनाच्या गुंतवणुकीत फसवणूक झाल्याच्या तक्रारींचं प्रकरण गाजलं. त्यात शेतकऱ्यांचे पैसे बुडाले ते वेगळंच. जातीच्या दृष्टीने पाहिलं तर अशा लाटेत पिलांची घाऊक पैदास होते, आणि घाऊक पैदास म्हणजे थोडे नर, ढीगभर अंडी आणि मोठमोठी यंत्रं. एका ट्रेमधून आलेली शंभर पिलं शंभर घरांत गेली, तरी ती मोजक्या बापांचीच लेकरं.

शिवाय काळा रंग फसवा आहे. तो येतो एका विशिष्ट जनुकीय उलथापालथीतून : एका गुणसूत्राचा तुकडा दुहेरी झाला आणि रंगपेशी वाढवणारं ‘ईडीएन-३’ हे जनुक जास्त काम करू लागलं. चीनची सिल्की, इंडोनेशियाची आयाम सेमानी आणि आपली कडकनाथ यांच्यात हीच उलथापालथ आहे. तिचा प्रभाव एका पालकाकडून आली तरी दिसतो. म्हणजे कडकनाथ नर आणि साधी गावरान कोंबडी यांची पिलंही बरेचदा काळसर निघतात आणि कडकनाथ म्हणून खपतात. उलट, फक्त जास्तीत जास्त काळं पिलू निवडत गेलं, तर रंग राहतो आणि बाकीचं बरंच काही निसटतं. रंग हे एका जनुकाचं काम. जात म्हणजे हजारो जनुकांचा मेळ.

लहान कळपापासून सुरुवात करणाऱ्यांना इथे धीर देणारंही एक गणित आहे. एकमेकांच्या नात्यात नसलेल्या दहा पक्ष्यांत मूळ समूहाच्या वैविध्याचा सरासरी ९५ टक्के भाग येतो. पाच पक्ष्यांत ९० टक्के. अगदी एकच जोडी घेतली तरी ७५ टक्के. एकदा लहान झाल्याने म्हणजे फार मोठं आभाळ कोसळत नाही. कोसळतं ते वर्षानुवर्षं लहानच राहिल्याने. पहिल्या दोन-तीन वर्षांत जमतील तितकी पिलं काढून कळप भराभर वाढवला, तर सुरुवातीची तूट बरीचशी तेवढ्यावरच थांबते. अडचण होते ती दुर्मिळ आवृत्त्यांची. मूळ समूहात जी आवृत्ती शेकडा पाच इतकीच आहे, ती दहा पक्ष्यांच्या सुरुवातीच्या कळपात मुळातच न येण्याची शक्यता ३६ टक्के. एका जोडीत ती न येण्याची शक्यता ८१ टक्के. म्हणून दहा पक्षी एकाच घरून, एकाच यंत्रातून आणण्यापेक्षा पाच गावांतून दोन-दोन आणणं कितीतरी शहाणपणाचं. एकाच घरून आणलेली दहा भावंडं मोजायला दहा, बाकी एकच कुटुंब.

पुढे कळप चालवायचा कसा? कोंबड्यांच्या दुनियेत एकोणिसाव्या शतकापासून एक तक्ता फिरतो, अमेरिकेतल्या फेल्च नावाच्या पैदासकाराचा. एकाच जोडीपासून सुरुवात करून बापाला लेकीशी, आईला लेकाशी जुळवत नवनवे ‘वंश’ कसे काढायचे, ते त्यात रेषांनी दाखवलेलं असतं. तक्ता दिसायला मोठा शास्त्रीय, आणि प्रदर्शनात बक्षीस मिळवणारा एकसारखा पक्षी त्यातून निघतोही. पण सगळ्या रेषा उलट्या माग काढत नेल्या, की त्या त्याच दोन पक्ष्यांपाशी येऊन थांबतात. दोन पक्ष्यांत एका जनुकाच्या फार तर चार आवृत्त्या असणार. कागदावर कितीही रेषा मारल्या तरी पाचवी येणार नाही.

जात जपणाऱ्यांची पद्धत वेगळी आहे, आणि ती मराठी माणसाला समजावून सांगायची गरजच नाही. ती गोत्राची पद्धत आहे. कळपाचे तीन भाग करायचे. समजा तांबडं, पिवळं आणि हिरवं अशी तीन कुळं. प्रत्येक पक्ष्याच्या पायात त्या रंगाचं कडं. कडं घालण्याइतका पाय मोठा होईपर्यंत पिलाच्या बोटांमधल्या पातळ पडद्याला बारीक छिद्र पाडून खूण ठेवतात. मग नियम एवढाच, की सोयरीक कुळाबाहेर. तांबड्या कुळातले नर पिवळ्या माद्यांकडे जातील, पिवळ्यातले हिरव्यांकडे, हिरव्यातले तांबड्यांकडे. आपल्या रीतीपेक्षा एकच गोष्ट उलटी : पिलाला कूळ लागतं ते आईचं. लेकी घरीच राहतात, लेकांची पाठवणी होते. दर वर्षी नवे नर असेच एक घर पुढे जातात आणि सख्खी भावंडं कधीच समोरासमोर येत नाहीत. वंशावळीच्या चोपड्या लिहाव्या लागत नाहीत. तीन रंगांची कडी पुरतात.

नर बदलला की लगेच अंडी उबवायला घ्यायची नाहीत, हे मात्र पाळायला हवं. कोंबडीच्या शरीरात नराचं वीर्य साठवून ठेवणाऱ्या सूक्ष्म नळ्या असतात आणि दोन-तीन आठवडे ते तिथे टिकतं. जुना नर ताटात जाऊन पचलेला असला, तरी पुढच्या पंधरवड्यातल्या पिलांचा बाप तोच असू शकतो. तीन-चार आठवड्यांची अंडी खाण्यासाठी, त्यानंतरची उबवण्यासाठी.

दुसरं पथ्य त्याहून सोपं आणि त्याहून दुर्लक्षित. १९५९ साली गोव, रॉबर्टसन आणि लॅटर या तिघा शास्त्रज्ञांनी कोंबड्यांचे प्रयोगासाठीचे कळप पिढ्यान् पिढ्या न बदलता कसे ठेवावेत, ते मांडलं. प्रत्येक नराचा एक मुलगा पुढच्या पिढीत घ्यायचा आणि प्रत्येक मादीची एक मुलगी. जिची पिलं जास्त जगली तिची दहा आणि जिची कमी तिची एकही नाही, असं करायचं नाही. सगळ्यांना सारखा वाटा. एवढ्याने प्रभावी संख्या दुपटीपर्यंत वाढू शकते, आणि त्यासाठी एक पक्षीसुद्धा जास्त पाळावा लागत नाही. व्यवहारात नेमकं उलट होतं. एक कोंबडी भरपूर अंडी देते, टोपलीत तिचीच अंडी जास्त बसतात आणि तीन वर्षांत सगळं खुराडं तिच्या लेकीसुनांचं होऊन जातं.

जुन्या माद्या लवकर न काढणं हाही उपाय आहे. वैविध्य गळतं ते पिढीमागे, वर्षामागे नव्हे. तीन-चार वर्षं अंडी देणारी म्हातारी कोंबडी खुराड्यात असली, की पिढी लांबते आणि गळतीचा वेग मंदावतो.

आणि तरीही एकटा कळप पुरत नाही. कॅनडात क्यूबेक प्रांतातल्या ओका इथल्या मठात ब्रदर विल्फ्रेड शातलेन यांनी १९०८ च्या सुमारास एक जात तयार करायला घेतली. तिथल्या थंडीत कोंबड्यांचे मोठे तुरे बर्फाने काळे पडत, म्हणून त्यांना जवळजवळ तुरा नसलेली, हिवाळ्यातही अंडी देणारी कोंबडी हवी होती. ‘शांतक्लेर’ नावाची ही जात १९२१ मध्ये अधिकृत झाली. १९७९ मध्ये सस्कॅचवान विद्यापीठातला शेवटचा ज्ञात नर मेला आणि जात संपली असं मानलं गेलं. मग शोध घेताना कळलं, की काही लहान शेतकऱ्यांच्या खुराड्यांत ती गुपचूप चालूच होती. कुठल्याच यादीत नसलेल्या त्या कळपांनी जात वाचवली. एकाच प्रतिष्ठित संस्थेतला मोठा कळप आणि वीस घरांतले लहान कळप यांत निवड करायची झाली, तर वीस घरं बरी. प्रत्येक घरात काहीतरी हरवेल, पण सगळ्यांकडे तेच हरवणार नाही. अट इतकीच, की त्या घरांत येणं-जाणं हवं. प्रत्येक कळपात पिढीला एखादा पाहुणा पक्षी आला तरी बरंच भागतं, असा संशोधकांचा अंदाज आहे. पाहुणा आणताना त्याला तीन-चार आठवडे वेगळं ठेवावं; मानमोडीचा रोग पाहुण्याच्या पायानेच येतो.

आपल्या खेड्यांत हे येणं-जाणं कुणी न शिकवता चालत आलं आहे. शेळी अर्धलीने देतात तशी कोंबडीही वाट्याने दिली जाते. कोंबडी खुडूक झाली आणि घरात अंडी नसली, की शेजारणीकडून बसवायला चार अंडी येतात. लेक माहेराहून जाताना डालग्यात तलंग घेऊन जाते. ही सगळी जनुकांची देवघेवच. आता बसवायच्या अंड्यांऐवजी गाडीवाल्याकडून रंगीत पिलं येतात. २०१९ च्या पशुगणनेत देशातले परसातले पक्षी ३१ कोटी ७० लाखांवर गेले, मागच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्के जास्त. हा आकडा पाहून हुरळून जाण्याआधी त्यातले किती पक्षी जुन्या जातींचे आणि किती गिरिराज-वनराजसारख्या सुधारित जातींचे, ते पाहायला हवं. सुधारित जाती वाईट नाहीत. त्या घराला जास्त अंडी देतात. पण त्यांचे नर गावभर मोकळे फिरतात आणि बसरासारख्या जातीचं पाणी वर्षागणिक पातळ होत जातं.

मग सगळं गोठवून का ठेवू नये? गाई-म्हशींचे भ्रूण गोठवता येतात, तसं कोंबडीचं अंडं गोठवता येत नाही. त्यातला बलक एवढा मोठा असतो, की ते टिकत नाही. नराचं वीर्य गोठवता येतं, पण पक्ष्यांत लिंग ठरवणारं वेगळं गुणसूत्र मादीकडे असतं, आणि ते वीर्यातून मिळत नाही. म्हणून स्कॉटलंडमधल्या रोझलिन संस्थेत अंड्यातल्या अगदी कोवळ्या गर्भातून, पुढे बीजपेशी होणाऱ्या पेशी काढून गोठवण्याचं काम चालतं. त्या दुसऱ्या जातीच्या गर्भात सोडल्या, की वाढलेला पक्षी हरवलेल्या जातीची पिलं देतो. काम विलक्षण आहे. खर्चिकही आहे, आणि नवापूरच्या अंगणापर्यंत यायला त्याला वेळ लागेल.

तोवर काम खुराड्यातच करावं लागणार आहे. जागतिक अन्न व कृषी संघटना जात ‘अतिसंकटात’ केव्हा धरायची याचे दोन निकष सांगते. पैदाशीच्या माद्या शंभर किंवा कमी, अथवा नर पाच किंवा कमी. दोहोंपैकी एक पुरतो. माद्या हजार असल्या तरी नर पाचच असतील, तर जात अतिसंकटात.

तेव्हा यंदा कुणी दहा तलंगा आणि एक कोंबडा घ्यायला निघालं असेल, तर त्यांनी आठ तलंगा आणि तीन कोंबडे घ्यावेत, तेही तीन गावांचे. आणि आखाड लागायच्या आधी त्या तिघांच्या पायांत कडी घालून, ‘हे कापायचे नाहीत’ असं घरात सगळ्यांना, विशेषतः पाहुण्यांची सरबराई करणाऱ्या आजीला, बजावून ठेवावं.